पैसे गेले, तारीख आली नाही

"पैसे कट झालेत, पण पुढचं काही आलंच नाही."

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सेवा केंद्रात थोडा वेळ बसलं, तरी हे वाक्य कानावर पडतं. बोलणारा माणूस हातातला मोबाइल काउंटरवर ठेवतो आणि बँकेचा संदेश दाखवतो. पंधराशे रुपये खात्यातून वजा झालेले असतात, पासपोर्टच्या अपॉइंटमेंटचा मात्र पत्ता नसतो. कधी पासपोर्टऐवजी पक्क्या लायसन्सच्या चाचणीची तारीख असते, कधी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवायची वेळ. चेहऱ्यावरची काळजी सगळीकडे सारखीच. आखातात नोकरी ठरलेल्या मुलाला पासपोर्ट वेळेत हवा असतो. घर घेणाऱ्या नवरा-बायकोनं एकाच दिवसाची रजा टाकलेली असते. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा आधीच पडलेला असतो.

अशी हरवलेली बुकिंग बहुतेक वेळा हरवलेली नसते, ती अडकलेली असते. कुठे अडकली हे शोधायला रीत आहे आणि ती कुणालाही शिकता येते. मात्र हा शोध नागरिकालाच घ्यावा लागतो आणि तो घेत असताना त्याच्या हातात सरकारचा एकही कागद नसतो. मला हे गंभीर वाटतं, ते यासाठी.

सरकारी कचेरीत अर्ज द्यायची आपल्याकडची जुनी पद्धत आठवा. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेऊन ती घरी आणायची. काम होवो न होवो, पोच हातात असे. पुढे साहेब म्हणाले, "तुमचा अर्जच आला नाही," तर ती पोच समोर ठेवता येई. कचेरीचे दोष असंख्य होते, खेटे होते, हात ओले करणंही होतं. पण अर्ज दिल्याचा पुरावा अर्जदाराच्या खिशात राहत असे. आता तो पुरावा सर्व्हरवर राहतो. सर्व्हरवरची नोंद अर्धवट राहिली, तर पुरावाही अर्धवटच राहतो.

नेमकं काय होतं ते जरा सविस्तर पाहू, कारण हे कळलं की निम्मी घबराट जाते. आपण 'पैसे भरा' हे बटण दाबतो तेव्हा एकाच व्यवहाराच्या तीन वेगवेगळ्या वह्या उघडतात. एक खात्याची, म्हणजे पासपोर्टची किंवा परिवहनची. दुसरी मधल्या पेमेंट गेटवेची, तिसरी आपल्या बँकेची. खातं एक व्यवहार क्रमांक तयार करून आपल्याला गेटवेकडे सोडतं, गेटवे बँकेकडे. बँक ओटीपी किंवा पिन घेऊन पैसे वजा करते आणि गेटवेला होकार कळवते. हा होकार शेवटी खात्याच्या संकेतस्थळापर्यंत पोचायचा असतो आणि हा शेवटचा टप्पा सर्वांत कच्चा असतो. बऱ्याचदा तो निरोप आपल्याच मोबाइलच्या ब्राउझरमधून जातो. त्याच क्षणी रेंज गेली, फोन आला, पडदा फिरताना दिसतो म्हणून आपण मागे जायचं बटण दाबलं, तर निरोप वाटेतच राहतो. यूपीआयनं पैसे भरताना आपण एका ॲपमधून दुसऱ्यात जातो. कमी मेमरीचा फोन तेवढ्यात मागचं पान बंद करून टाकतो. पिन टाकून परत यावं, तर संकेतस्थळानं आपल्याला लॉगआउट केलेलं असतं.

मग बँकेच्या वहीत व्यवहार पूर्ण, गेटवेच्या वहीत पूर्ण आणि खात्याच्या वहीत 'प्रलंबित' अशी स्थिती होते. पूर्वी मनिऑर्डर पाठवली की घेणाऱ्याच्या सहीची पावती पाठवणाऱ्याकडे परत येई आणि ती आली नाही तर पोस्टात जाऊन चौकशी करता येई. संगणकाच्या जगातही तशी सोय आहे. खात्याचा सर्व्हर गेटवेच्या सर्व्हरला थेट विचारू शकतो की या क्रमांकाचे पैसे आले का. नीट बांधलेल्या व्यवस्थेत हे आपोआप होतं. काही ठिकाणी ठरावीक वेळानं एकगठ्ठा होतं, म्हणून रात्री न दिसलेली नोंद सकाळी दिसते.

आणि काही ठिकाणी हे विचारायचं काम नागरिकावर टाकलेलं आहे. वाहन परवान्यांच्या 'सारथी' संकेतस्थळावर फी भरण्याच्या विभागात 'व्हेरिफाय पे स्टेटस' असा पर्याय आहे. पैसे गेले आणि अर्ज पुढे सरकेना, तर अर्ज क्रमांक टाकून तिथे पडताळणी करायची. बँकेकडून होकार आला की अर्ज पुढच्या टप्प्यावर जातो आणि चाचणीची वेळ घेता येते. आरटीओच्या फाटकाबाहेरच्या एजंटाला हे बटण पाठ असतं. लायसन्स काढायला आलेल्या कॉलेजच्या मुलीला ते कुणी सांगितलेलं नसतं. तेवढ्या एका बटणासाठी लोक पैसे मोजतात.

म्हणून पैसे गेल्यावर पहिल्या तासात काय करायचं, यापेक्षा काय करायचं नाही हे महत्त्वाचं आहे. लगेच पुन्हा पैसे भरायचे नाहीत. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो आणि मग एकाच अर्जावर दोन व्यवहार बसतात. त्यातला एक परत मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. त्याऐवजी कागद घ्यावा आणि त्यावर अर्जाचा क्रमांक, पैसे वजा झाल्याची तारीख-वेळ, रक्कम आणि बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा. यूपीआयचा हा क्रमांक बारा अंकी असतो आणि ॲपमधल्या त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. नुसत्या 'सक्सेस'च्या हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट पुरत नाही. कचेरीतला माणूस आधी क्रमांकच विचारतो.

मग नव्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून आपला जुना अर्ज उघडावा. पासपोर्टच्या संकेतस्थळावर साठवलेल्या आणि सादर केलेल्या अर्जांची यादी असते. आपला अर्ज क्रमांक, ज्याला तिथे एआरएन म्हणतात, त्या यादीत शोधायचा. भरलेल्या पैशांची स्थितीही तिथे पाहता येते. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते की पासपोर्टची फी अर्जाच्या क्रमांकावर जमा होते, तारखेवर नाही. ती भरल्यापासून वर्षभर चालते. त्यामुळे पैसे पोचले आणि निवडलेली वेळ मधल्या मध्ये गेली, तर त्याच अर्जावर पुन्हा पैसे न भरता दुसरी वेळ घेता येते. 'बुकिंग गेलं' म्हणून नवा अर्ज भरणारे लोक इथे आपलेच पंधराशे रुपये मागे सोडून जातात.

दस्त नोंदणीचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी राज्याच्या 'ग्रास' प्रणालीतून चलनानं भरतात, दस्ताची माहिती दुसरीकडे भरतात आणि दुय्यम निबंधकाकडची वेळ 'ई-स्टेपइन'मधून घेतात. तीन कामं आणि तीन क्रमांक. वेळ हरवली तरी चलन हरवत नाही. त्याचा जीआरएन क्रमांक जपला असेल, तर चलन पुन्हा शोधून छापता येतं आणि नोंदणीच्या वेळी ते डिफेस होईपर्यंत, म्हणजे वापरलं गेल्याची खूण त्यावर पडेपर्यंत, ते न वापरलेलंच राहतं. घर घेताना लाखांत शुल्क भरलेल्या माणसाची वेळ पडद्यावर दिसत नाही, तेव्हा त्याच्या छातीत धस्स होतं. त्या क्षणी त्याला एवढं सांगणारं कुणी हवं की वेळ आणि शुल्क या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

पैसे आधी आणि तारीख नंतर ही रचना आली तरी कुठून? पासपोर्ट सेवा प्रकल्पाची पहिली केंद्रं २०१० मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत पैसे न भरता वेळ घेता येत असे. वेळा खुल्या झाल्या की बघता बघता संपत आणि एजंटांनी त्या अडवून ठेवल्याच्या तक्रारी देशभरातून येत. त्यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये ऑनलाइन पैसे भरल्याशिवाय अपॉइंटमेंट नाही, असा नियम झाला. उपाय योग्यच होता. फुकट अडवणूक त्यानं महाग झाली. पण त्यामुळे पैसे आणि तारीख यांच्यामध्ये एक फट तयार झाली आणि ती कुणी भरायची हे पुरेसं ठरवलं गेलं नाही. पुढे २०१७ पासून पोस्टाच्या कचेऱ्यांमध्ये पासपोर्ट केंद्रं उघडली, त्यांची संख्या देशात चारशेच्या वर गेली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाची मुंबई-पुणे-नागपूरची वारी वाचली. केंद्र घराजवळ आलं, पण त्याच्या दारापर्यंत नेणारा रस्ता अजूनही त्याच पडद्यातून जातो.

आता हरवलेल्या बुकिंगचं एक कारण, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. बुकिंग असतं, तारीखही असते, पण ती दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये असते.

खेड्यातून आलेला माणूस सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत बसतो. त्याला ई-मेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही. मागे रांग लागलेली असते. केंद्रचालक काम उरकण्यासाठी स्वतःच्या मेलवर लॉगिन तयार करतो, कधी मोबाइल क्रमांकही स्वतःचाच टाकतो. काम झटकन होतं. त्यानंतर खात्याकडून येणारा प्रत्येक संदेश, तारीख बदलल्याची सूचना, कागद कमी असल्याचा शेरा, हे सगळं केंद्रचालकाच्या मेलमध्ये शेकडो मेलांखाली गाडलं जातं. अर्जदार घरी वाट बघत राहतो. महिन्यानं पोरगा त्याच्या नावानं नवं लॉगिन काढून पाहतो, तर यादी रिकामी. मग घरात ठरतं की पैसे बुडाले.

यात केंद्रचालकाला सरसकट दोषी धरणं मला पटत नाही. शासनानं ठरवून दिलेली सेवेची फी इतकी तुटपुंजी आहे की प्रत्येक गिऱ्हाइकाला मेल उघडून देत बसलं, तर दिवसाचं वीजबिलही निघायचं नाही. तरीही काही चालक नेटानं एक वही ठेवतात. नाव, गाव, अर्ज क्रमांक, लॉगिन कशावर केलं आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले, हे सगळं त्यात असतं. बुकिंग शोधायला आलेल्याला ते वही उघडून लगेच दाखवतात. एवढी सवय प्रत्येक केंद्राला लावली, तरी कितीतरी कुटुंबांचा जीव भांड्यात पडेल. आपल्या बाजूनं एवढं करता येतं: काउंटरवरून उठण्याआधी मोबाइल क्रमांक आपलाच टाकला आहे ना हे पाहावं, लॉगिनचं नाव लिहून घ्यावं आणि अर्जाच्या पावतीची छापील प्रत मागून घ्यावी.

संदेशांवर आपला विश्वास फार आहे. एसएमएस आला नाही म्हणजे बुकिंग झालं नाही, असं आपण धरून चालतो. ८ मार्च २०२१ ला काय झालं ते आठवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे कंपन्यांनी व्यावसायिक संदेश नोंदणीकृत नमुन्याशी ताडून पाहायला सुरुवात केली आणि नमुन्यात न बसलेले संदेश अडले. देशभर ओटीपी अडकले. बँका, आधार, लसीकरणाची नोंदणी, सगळीकडे गोंधळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो नियम आठवड्यासाठी थांबवावा लागला. व्यवहार करणारी यंत्रणा धड होती, फक्त निरोप पोचत नव्हता. म्हणून संदेशाची वाट बघण्यापेक्षा लॉगिन करून पाहणं केव्हाही बरं. उलट, पासपोर्ट केंद्रात जाताना अपॉइंटमेंटचा एसएमएस दाखवला तरी चालतो, पावती छापून नेलीच पाहिजे असं नाही. पण सेवा केंद्रातले चालक छापायला सांगतात आणि ते बरोबरच सांगतात.

कधीकधी बुकिंग खरोखरच हलतं. २९ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीपासून २ सप्टेंबरच्या पहाटेपर्यंत पासपोर्ट सेवेचं संकेतस्थळ देखभालीसाठी बंद राहणार, असं जाहीर झालं आणि ३० ऑगस्टच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या गेल्या. जाहीर सूचना होती, तारखाही बदलून मिळणार होत्या. पण रजा घेतलेल्या, गाडीचं तिकीट काढलेल्या माणसासाठी ३० ऑगस्ट हीच तारीख होती. अशा वेळी पडद्यावर जुनी तारीख दिसेनाशी होते आणि नवी अजून उमटलेली नसते. अर्ज तोच, क्रमांक तोच, म्हणून इथेही धीर धरून तोच अर्ज उघडत राहावा. पासपोर्टची अपॉइंटमेंट स्वतःहून बदलायची मुभा वर्षभरात तीनदाच असते. घाईघाईत ती वापरून टाकली, की खऱ्या अडचणीच्या दिवशी हात रिकामे राहतात.

या घबराटीवर पोट भरणारे लोक आहेत. बुकिंग सापडत नाही म्हणून माणूस मोबाइलवर 'हेल्पलाइन नंबर' शोधतो. पहिला दिसलेला क्रमांक लावतो. पलीकडचा आवाज अदबशीर असतो, अर्ज क्रमांक विचारतो, पैसे परत करतो म्हणतो आणि एक ॲप उतरवून घ्यायला सांगतो. ते ॲप फोनचा पडदा त्याला दाखवतं. पुढचं सांगायला नको. पासपोर्टच्या नावानं पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं वेळोवेळी सावध केलेलं आहे. त्यांवर पैसे भरले असतील, तर बुकिंग शोधण्यात अर्थ नाही, कारण ते कधी झालेलंच नसतं. पासपोर्टच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता जीओव्ही डॉट इन असा संपतो आणि त्याची विनामूल्य मदतवाहिनी १८००-२५८-१८०० आहे. फसवणूक झाली असेल, तर १९३० हा क्रमांक लगेच लावावा. तिथे पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

पैसे परत मिळण्याचा नियम काय? रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये एक परिपत्रक काढलं. खात्यातून पैसे गेले आणि घेणाऱ्याकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर यूपीआय आणि कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांत पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाल्यास दर दिवशी शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. बँकेनं दाद दिली नाही, तर तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नियम चांगला आहे आणि पुष्कळांना तो माहीत नाही.

पण हरवलेल्या बुकिंगला तो निम्माच लागू पडतो. पैसे वाटेत अडकले असतील, तर नियम आपल्या बाजूनं आहे. पैसे खात्याच्या तिजोरीत पोचले आणि फक्त वेळेची नोंद झाली नाही, तर बँक म्हणते, "आमचा व्यवहार यशस्वी झालाय, खात्याला विचारा." खातं म्हणतं, "आमच्याकडे दिसत नाही, बँकेला विचारा." दोघंही आपापली वही बघून खरंच बोलत असतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायला मात्र कुणी बसलेलं नसतं.

आणि दिवस जात राहतात. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, त्यातले पहिले तीस दिवस चाचणी देता येत नाही. उरलेल्या पाच महिन्यांत तारीख हरवली, पुढची लांबची मिळाली, की लायसन्स संपतं आणि परत पहिल्यापासून. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांची सवलत आहे, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंडासह. हे कायदे सर्व्हरची अडचण ओळखत नाहीत. मुदत माणसासाठी मोजली जाते, यंत्रासाठी नाही.

महाराष्ट्रानं २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा त्यानं हक्क ठरवला, पोच देणं बंधनकारक केलं, अपिलाची वाट दिली, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही ठेवला. या कायद्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्याची मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून सुरू होते. ज्याचे पैसे गेले आणि अर्ज 'प्रलंबित' राहिला, त्यानं कायद्याच्या लेखी अर्ज केलेलाच नाही. म्हणजे यंत्रणा चुकली तर हक्काचं घड्याळ सुरूच होत नाही. राज्यात या कायद्याच्या नियमांची पुढची दुरुस्ती होईल तेव्हा ही एक ओळ त्यात यायला हवी: अर्जदाराच्या खात्यातून फी वजा झाली, ती वेळ म्हणजेच अर्ज मिळाल्याची वेळ. बँकेकडे त्या क्षणाची सेकंदापर्यंतची नोंद असते, त्यामुळे पुराव्याची अडचण नाही.

दुसरी मागणी याहून साधी आहे. व्यवहार फसला तर संकेतस्थळ 'समथिंग वेंट राँग' म्हणतं आणि पान कोरं होतं. त्याऐवजी त्या पानावर मराठीत चार गोष्टी छापता येतील: प्रयत्नाचा क्रमांक, वेळ, कुठल्या टप्प्यावर अडलं आणि अमुक तासांनी पुन्हा पाहा. तीच माहिती एसएमएसनंही जावी. फसलेल्या प्रयत्नालाही पोच मिळावी, एवढंच. लसीकरणाच्या वेळी २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना ऑनलाइन वेळ घेणं सक्तीचं केलं, तेव्हा ज्यांच्याकडे फोन आणि इंटरनेट नाही त्यांचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं विचारला आणि मे महिन्यात सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची वाटही खुली झाली. एखादी वाट उघडायची ठरवलं, तर ती किती झटपट उघडते, हे तेव्हा दिसलं.

तोवर ज्यांचं बुकिंग आज सापडत नाही, त्यांच्यासाठी शेवटचा टप्पा. एक दिवस थांबून आणि पडताळणी करूनही स्थिती बदलली नाही, तर खात्याच्या तक्रार विभागात लेखी तक्रार करावी. केंद्र सरकारच्या सेवांसाठी सार्वजनिक तक्रारींचं संकेतस्थळ आहे आणि ऑगस्ट २०२४ च्या सूचनांनुसार तक्रार एकवीस दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे. राज्याच्या सेवांसाठी 'आपले सरकार'चा तक्रार विभाग आहे. तक्रारीत हकिगत थोडक्यात आणि क्रमांक सगळे लिहावेत. मुदत संपायला आली असेल, तर तेही पहिल्याच ओळीत लिहावं. प्रत्यक्ष कचेरीत जाणार असाल, तर बँकेचं त्या दिवसाचं विवरण छापून सोबत न्यावं आणि अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून निघू नये.